ऐकणाऱ्याची वही

गेल्या वर्षी विज्ञानदिनाच्या निमित्ताने आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी स्वतःचा मेजावरचा रेडिओ स्कॅनर घेऊन वसतिगृहात आला होता. तो हौशी बिनतारी चालक आहे आणि त्याच्याजवळ शासनाचा रीतसर परवाना आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना यंत्र समजावून दिले. मी इतिहासाचा शिक्षक. मागच्या बाकावर बसून पाहत होतो. माझे लक्ष यंत्रापेक्षा त्याच्या हातातील वहीकडे अधिक होते. काही ऐकू आले, की तो तारीख, वेळ, वारंवारता, आवाज किती स्पष्ट होता आणि मजकूर काय होता, हे एका ओळीत लिहीत असे. हा पाठ त्या वहीमुळे सुचला.

साध्या रेडिओत आपण काटा फिरवून एक केंद्र लावतो. स्कॅनर एकामागून एक वारंवारता आपणच तपासत जातो, बोलणे सापडले की थांबतो आणि ते संपले की पुढे सरकतो. मधली खरखर दाबून ठेवण्यासाठी त्याला एक बटण असते. ते फार पुढे सरकवले, तर खरखरीबरोबर दुरून येणारा क्षीण आवाजही दबतो. आठवीतील एका मुलीने विचारले, "सर, मग खरखर थोडी सहन करायची का?" होय, करायची. जुनी कागदपत्रे वाचणाऱ्यालाही हेच करावे लागते.

आपल्या भागात काय ऐकू येते, हे डोंगर ठरवतात. एफएमच्या आणि त्याहून वरच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट जमिनीवर शंभर मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेली लहर साधारण ४१ किलोमीटरपर्यंत पोहोचते. पुढे पृथ्वीची वक्रता आड येते. मुंबईहून कर्जत सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटर, आणि त्या रेषेवर माथेरान, प्रबळ, इर्शाळची रांग उभी. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहेच. म्हणून एका घराच्या गच्चीवर लागणारे केंद्र पुढच्या वळणावर नाहीसे होते. मध्यम लहरी मात्र जमिनीला धरून चालतात. मुंबई आकाशवाणीची ५५८ किलोहर्ट्झवरील अस्मिता वाहिनी डोंगराच्या आडही सापडते. रात्री याच लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होतात आणि दूरच्या राज्यांतील केंद्रे एकमेकांत मिसळून कानावर येतात.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जाणार होते. १४५.८२५ मेगाहर्ट्झवर त्याचे सांकेतिक संदेश येतात. ऐकायला ते कागद फाडल्यासारखे झटके वाटतात. स्थानक जवळ येताना वारंवारता किंचित चढते, दूर जाताना उतरते. घाटात शिरणाऱ्या गाडीची शिट्टी आपल्या मुलांनी रोज ऐकलेली. त्यामुळे हे फळ्यावर काढून दाखवावे लागले नाही. दहा मिनिटांत सारे संपले. वहीत नऊ झटक्यांची नोंद झाली.

आता कायद्याविषयी. हे यंत्र कोणीही बाजारातून आणून लावावे, असे नाही. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगण्यास १९३३ च्या कायद्याने बंदी घातली. घरगुती रेडिओलाही परवाना लागे. माझ्या वडिलांच्या रेडिओचे पोस्टातून मिळालेले एक लहान पुस्तक होते. दरवर्षी शुल्क भरून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागे आणि ते घरातील महत्त्वाच्या कागदांबरोबर पेटीत राही. घरगुती रेडिओची ती अट १९८० नंतरच्या दशकात गेली. स्कॅनरची गोष्ट निराळी आहे. पोलीस, रेल्वे किंवा विमान यांचे आपसांतील बोलणे आपल्यासाठी नाही. दुसऱ्याचा संदेश अनधिकृतपणे चोरून ऐकणे २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून आम्ही परवानाधारकाच्या उपस्थितीत फक्त हौशी चालकांचे पट्टे आणि सर्वांसाठी असलेली प्रसारणे ऐकली. पालकांनीही हे ध्यानात ठेवावे. ज्या मुलांना पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी हौशी चालकाची परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षानंतर खुली आहे.

इतिहासाच्या तासाला मी मुलांना १९४२ कडे नेले. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. मीटरचे मेगाहर्ट्झ करण्यासाठी ३०० ला त्या आकड्याने भागावे. उत्तर सुमारे ७.०९ येते. ही जागा आज हौशी चालकांच्याच पट्ट्यात आहे. प्रक्षेपण करणाऱ्याचा ठावठिकाणा दिशाशोधक यंत्राने काढता येतो, म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलावी लागे. १२ नोव्हेंबरला ते पकडले गेले. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

मला यातील एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्या केंद्रावरून काय बोलले गेले, हे आज आपल्याला कळते, ते बऱ्याच अंशी पोलिसांमुळे. सरकारचे नोकर रोज संच लावून बसत आणि ऐकलेला मजकूर टिपून ठेवत. पुरावा म्हणून लिहिलेले ते कागद आज इतिहासाचे साधन झाले आहेत. शत्रूने लिहिले म्हणून वाचले. एरवी ते शब्द हवेतच विरले असते.

त्याच महिन्यांत कर्जतच्या डोंगरांत भाई कोतवालांचा आझाद दस्ता मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडत होता. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडावर मारले गेले. खोपोली आणि भिवपुरीची वीज वाड्यांच्या डोक्यावरून मुंबईला जात होती. वाड्यांवर मात्र दिवा नव्हता, मग रेडिओ कुठला? मुंबईतील ऐकणारे पोलीस लेखी उरले. डोंगरातील माणसांनी त्या दिवसांत काय ऐकले, ते टिपायला वाडीवर वही नव्हती.

ऐकणे आणि जतन करणे ही आपल्या परंपरेत जुनी जोडी आहे. आनंदाने ऐकून लक्षात ठेवले म्हणून तथागतांची वचने संगीतीपर्यंत पोहोचली. बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतल्याचे स्पष्ट केले. ते भाषण काही मिनिटांचे होते. कोणी तरी ते छापून ठेवले, म्हणून आज आपल्या मुलांच्या हाती आहे.

वर जिचा उल्लेख आला, त्याच रांगेतील इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडली नाहीत. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेल्यांना पावसात डोंगर चढावा लागला. रेडिओ असता तर माणसे वाचली असती, असे मी म्हणणार नाही. परंतु जिल्ह्यासाठी दिलेला पावसाचा इशारा एखाद्या वाडीवर ऐकू येतो की नाही, हे तेथे राहणाऱ्यानेच पाहिले पाहिजे. आपल्या वसतिगृहात कर्जत आणि खालापूरच्या वाड्यांवरील मुले आहेत. म्हणून सुटीवर जाताना त्यांना साधा रेडिओ आणि शंभर पानी वही दिली. स्कॅनर नाही, आकाशवाणीच्या बातम्या आणि हवामानाचे निवेदन, तेवढेच. कोणत्या जागी, किती वाजता, कोणते केंद्र, किती स्पष्ट.

दिवाळीनंतर वह्या परत आल्या. एका मुलाच्या वहीत पहिली चार पाने एकाच वाक्याने भरलेली होती: काही ऐकू आले नाही. मी त्याला कामचुकार समजून रागावलो. तो खाली मान घालून म्हणाला, "सर, रोज लावला होता. घरात लागत नाही. पाचव्या पानावर बघा ना." पाचव्या पानावर लिहिले होते: विहिरीजवळच्या खडकावर उभे राहिल्यावर मुंबई लागले. बाजूला त्याने खडकाचे चित्र काढले होते, आणि रेडिओ कोणत्या बाजूला धरायचा, त्याचा बाण.