सही करायच्या आधी

अगं, परवा तुझा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते, म्हणून धड बोलता आलं नाही. "ताई, दादा म्हणतोय रविवारी ये, दोन सह्या करायच्यात," एवढंच म्हणालीस आणि गप्प झालीस. त्या गप्प होण्यातलं सगळं मला कळलं. काकांना, तुझ्या बाबांना, जाऊन अजून वर्ष नाही झालं. काकू त्या घरात एकट्या, दादावर सगळा भार. अशा वेळी "कसली सही?" एवढं विचारायचंही जिवावर येतं. विचारलं की आपल्यालाच वाटतं, आपण वाटणी मागायला उभ्या राहिलो.

म्हणून आज सगळं आवरून, निवांत बसून लिहितेय. यातलं माझ्या पदरचं थोडंच आहे. एकवीस वर्षं मी वकिलांच्या ऑफिसात टायपिंग केलं. टेबलापलीकडे बसलेल्या बायकांनी आणि आपल्या आत्याने जे मला दिलं, ते आता तुझ्या ओटीत घालतेय.

आत्याची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. आजोबा गेले १९७८ साली. तेराव्याला ती आली होती, कडेवर लहान पोर. जेवणं झाल्यावर तलाठ्याचा माणूस ओटीवर येऊन बसला. तिला बोलावलं आणि एका कागदावर सही घेतली. तिला वाटलं, पाटाच्या पाण्याचा अर्ज आहे, कारण दोन दिवस घरात पाण्याचीच चर्चा चालली होती. ती सातवी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. वाचायला मागितलं असतं तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण भावांसमोर कागद वाचायचा म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा, असं तिला वाटलं. तिने सही केली आणि पोराला घेऊन आत गेली.

पुढे आत्याचे यजमान गेले आणि ती माहेरी परत आली. तिला कुणी उणा शब्द बोललं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझे बाबा आणि तुझे बाबा, दोघांनी तिला जपलं. पण डॉक्टरकडे जायचं तर ती माझ्या आईकडे पैसे मागायची, आणि मागताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहायची. ते गुंडाळणं माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. बऱ्याच वर्षांनी मी ऑफिसात लागले, जुने फेरफार वाचता यायला लागले, तेव्हा तिनेच मला तो कागद शोधायला लावला. वीस एकरांत आजोबांचा जो हिस्सा, त्यातला तिच्या वाटचा सव्वा एकर. मी सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दिल्याचं दुःख नाही गं मला. भावांनी मागितलं असतं तर मी हसत दिलं असतं. पण मी काही दिलंय हेच मला माहीत नव्हतं."

पोरी, तू रविवारी ज्या जमिनीच्या कागदावर सही करणार आहेस, ती हीच जमीन आहे.

आता मला दादाबद्दल काही म्हणायचं नाही. तो चांगला मुलगा आहे. त्याच्या डोक्यात पीककर्ज, सोसायटी, बोअरवेलचा हप्ता असणार. सातबारावर एकट्याचं नाव असलं की कामं झटपट होतात, हेही खरं. त्याला कुणी तरी सांगितलं असेल, "बहिणीचं हक्कसोड करून घे, मोकळं होऊन जाईल." आपल्याकडे हे इतकं रुळलंय की त्यात बहिणीला काही विचारायचं असतं, हे भल्या माणसांच्याही लक्षात येत नाही. म्हणून विचारायचं ते आपणच विचारायचं, आणि ते विचारताना मनात अपराधी वाटून घ्यायचं नाही.

कागदावर बहुतेक 'हक्कसोडपत्र' असं लिहिलेलं असेल. असले कागद मी किती टाइप केले, त्याला गणती नाही. त्यात एक ओळ ठरलेली असते: हा दस्त मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कुणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून देत आहे. ती ओळ टाइप करताना मी समोर बघायचे. भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात आमच्याकडे गर्दी असायची, कारण बहिणी माहेरी आलेल्याच असायच्या. भावाने दिलेली साडी अंगावर, घडीची रेघही मोडलेली नसायची. कागद पुढे सरकवला की बाई फक्त विचारायची, "कुठं करू?" भाऊ बोट ठेवायचा. सही व्हायची. मग सगळे मिळून समोरच्या टपरीवर चहा प्यायला जायचे.

एकदाच एक म्हातारी आली, सत्तरीच्या पुढची, चांदवडकडची. कागद हातात घेऊन म्हणाली, "बाई, मला वाचून दाखव. पहिल्यापासून." भाऊ जरा चुळबुळला, पण वकीलसाहेबांनी मान हलवली. मी वाचायला लागले. गट नंबर, क्षेत्र, मग चतुःसीमा. "पूर्वेस ओढा" म्हटल्याबरोबर तिने हात वर केला. "ओढा मावळतीला हाये. उगवतीला बांधावर आंब्याचं झाड हाये, आमच्या बापानं लावलेलं." तपासलं तर खरंच टायपिंगची चूक होती, आणि ती माझीच. कागद बदलला, पुन्हा सगळा वाचला, मग तिने सावकाश सही केली. भावाच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "आता दिलं म्हणायचं." तिनेही हक्क सोडलाच, आत्यासारखाच. पण दोघींच्या देण्यात किती अंतर होतं ते बघ.

सोड किंवा सोडू नकोस, ते मी सांगणार नाही. त्या म्हातारीसारखी सही कर, एवढंच माझं मागणं आहे.

तुझं नेमकं काय आहे ते आधी समजून घे. काकांनी मृत्युपत्र केलेलं नाही, असं तू मागे म्हणाली होतीस. मग नाशिकचा फ्लॅट, जो त्यांनी पगारातून घेतला, त्यात काकू, दादा आणि तू, तिघांचा सारखा वाटा. वडिलांच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीला वाटा देणारा हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे, म्हणजे आत्याच्या लग्नाच्याही आधीचा. वडिलोपार्जित जमिनीत मात्र मुलींना मुलांच्या बरोबरीने उभं राहायला फार वेळ लागला. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा बदलला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेरच राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगी जन्मानेच मुलाइतकी हक्कदार झाली, आणि वडील त्या दिवशी हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या उकरता येत नाहीत. तेव्हा काकांच्या वाट्याला आलेल्या शेतातही तुम्ही तिघं सारखेच. "तुझ्या लग्नात खर्च झाला, सोनं घातलं" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नकोस, पण लग्नातल्या खर्चाने वारसाहक्क फिटत नाही, हे मनात पक्कं असू दे.

सातबारा स्वतः काढ. महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत डिजिटल सहीचा उतारा मिळतो, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. तुझं नाव कुठे आहे ते बघ. जुन्या उताऱ्यांवर बहिणींची नावं 'इतर हक्क' या रकान्यात टाकलेली असायची, आणि कित्येक बायकांना आपलं नाव तिथे का आहे, ते तिथे असणं म्हणजे काय, हे कधीच कळलं नाही. नाव मुळीच नसेल तर वारसनोंद झाली का, कुणाकुणाची झाली, ते तलाठ्याकडे विचार. नोंद धरली की नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. घरच्या पत्त्यावर आलेली नोटीस तुझ्यापर्यंत पोचेलच असं नाही.

तोंडी "मी सोडला हक्क" म्हटल्याने हक्क जात नाही, दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. संगणकासमोर बसवून फोटो काढतील, अंगठ्याचा ठसा घेतील. तिथवर गेलीस की मग परतीची वाट अवघड. फसवणूक झाली, जबरदस्ती झाली, हे दिवाणी कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं, त्यालाही मुदत असते, आणि ते करायचं कुणाविरुद्ध, तर ज्याला ओवाळलं त्याच्याविरुद्ध. ते कर असं मी कुणालाच सांगणार नाही. त्यापेक्षा आधी एक रात्र मागून घे. "दादा, मसुदा पाठव, मी वाचते आणि मग येते." एवढंच वाक्य आहे. मी ते आरशासमोर उभी राहून म्हणून बघितलं होतं, खरं सांगते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. "दोन सह्या म्हणालास, त्यातली दुसरी कुणाची?" असं दादाला विचार. ती काकूंची असेल तर मात्र थांब.

अगं, तुझ्यापेक्षा मला काकूंची काळजी आहे. तुला नोकरी आहे, तुझं घर आहे. काकूंच्या नावावर आज काय आहे? आमच्या ऑफिसात मुलीबरोबर आईचीही सही एकाच कागदावर व्हायची. मुलगी निदान विचारात पडलेली दिसायची, आई कधीच नाही. "माझं काय राहिलंय आता, सगळं त्याचंच," असं म्हणत करायची. मुलगा वाईट नसतो. पण दिवस पालटतात, सुना-नातवंडांचा संसार वाढतो, कर्ज होतं, कधी मुलगाच आईच्या आधी जातो. स्वतःच्या नावाचं छप्पर असलेली म्हातारी आणि नसलेली म्हातारी एकाच घरात वेगवेगळी राहते, हे मी आत्याकडे बघून शिकले. १९९० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' चालवली तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करून दिली होती. आत्या त्या बायकांची नावं घेऊन सांगायची, जणू त्यांना पदक मिळालं होतं.

तेव्हा काकूंचं नाव त्या हयात आहेत तोवर फ्लॅटवर राहू दे, हे तू दादाला प्रेमाने पण स्पष्ट सांग. तुला तुझा वाटा सोडायचाच असेल तर तो आईच्या नावे सोड, तेही करता येतं. आणि काकूंनी मुलाला द्यायचंच ठरवलं, तर सांभाळण्याची अट कागदात लिहून घ्या. अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. अट तोंडीच राहिली तर फार अवघड होतं.

माझ्यापुरतं सांगू? बाबा गेल्यावर मी राहत्या घरातला हिस्सा भावाला सोडला. वाचून, समजून, त्याच्या डोळ्यांत बघून. शेतावर मात्र नाव ठेवलं. त्या वर्षीच्या भाऊबीजेला ताटावर बोलणं कमी झालं. वहिनी वाढत होती आणि भांड्यांचाच आवाज येत होता. मी रात्री रडले. दुसऱ्या वर्षी तो स्वतःहून स्टँडवर न्यायला आला, आणि आता शेतातला पहिला भुईमूग माझ्या घरी येतो. सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणत नाही. काहींचं माहेर खरंच तुटलेलं मी पाहिलंय, म्हणून तुझा निर्णय तुझा.

सहीचाच विषय निघाला म्हणून आणखी एक. माझ्या सासऱ्यांनी मित्रासाठी एका पतसंस्थेत जामीन म्हणून सही केली होती. "नुसती साक्षीची सही आहे," असं त्यांना सांगितलं गेलं. कर्ज थकलं आणि वसुली थेट त्यांच्या पेन्शनपर्यंत आली, कारण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. निवृत्तीनंतर काशीला जायचं त्यांच्या मनात होतं, ते राहून गेलं. जावयाच्या, मैत्रिणीच्या, साहेबांच्या, कुणाच्याही कर्जाला सही करताना, हे पैसे उद्या मला भरावे लागले तर मी भरीन का, एवढंच मनाशी विचार.

आणि तुझ्या स्वतःच्या नावावर जे आहे त्याचं मृत्युपत्र कर. वय लहान आहे म्हणून हसू नकोस. मृत्युपत्र न करता बाई गेली आणि मागे नवरा-मूल नसेल, तर तिची स्वतःची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, आईवडिलांकडे नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा झालेली, सासरहून बाहेर काढलेली बाई, आईवडिलांनी शिकवून पायावर उभी केली. ती गेल्यावर तिची पुंजी गेली नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना, कारण कायदा तसा आहे आणि तिने दोन ओळी लिहून ठेवल्या नव्हत्या. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नकोस. माझं मी वहीच्या पानावर लिहून, सह्या घेऊन कपाटात ठेवलंय, आणि कुठे ठेवलंय ते मुलीला सांगितलंय.

रविवारी जाशील तेव्हा आधी काकूंजवळ बस. त्यांना फ्लॅटचे कागद दाखव, त्यांना स्वतःला काय हवंय ते विचार. त्यांना इतक्या वर्षांत हे कुणी विचारलेलं नसणार, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागेल, घाई करू नकोस. आणि मसुदा शनिवारी दुपारपर्यंत मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, सगळी पानं, मागच्या बाजूंसकट. मी चष्मा लावून बसते. गट नंबर आणि चतुःसीमा आपण दोघी मिळून जुन्या उताऱ्याशी ताडून बघू. आत्याच्या पेटीतला तो उतारा माझ्याकडेच आहे.