सागरी जीवशास्त्राची पूर्वतयारी माध्यमिक शाळेतच

ज्याचे बालपण होड्या, जाळी आणि मासळी यांच्या सान्निध्यात गेले, त्या मुलाने सागरी जीवशास्त्राकडे वळावे, ही कल्पना किनाऱ्यावरील घरांत क्वचितच कोणाला सुचते. सुचते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. मत्स्यविज्ञानाच्या पदवीसाठी बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय लागतात. दहावीनंतर विज्ञान शाखा सोडलेल्या विद्यार्थ्यास हे दार पुन्हा उघडणे कठीण जाते. म्हणून शिक्षकांनी हा विषय नववीतच पालकांच्या कानी घालावयास हवा.

पुढील मार्ग दोन आहेत. एक, रत्नागिरीजवळील शिरगाव येथे १९८१ साली स्थापन झालेल्या मत्स्य महाविद्यालयासारख्या संस्थेतून पदवी. दुसरा, प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. व नंतर कोची किंवा तामिळनाडूतील परंगीपेट्टई यांसारख्या ठिकाणी सागरी जीवशास्त्राचे उच्च शिक्षण. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६) व मुंबईतील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था (१९६१) ही संशोधनाची मोठी केंद्रे होत.

जीवशास्त्र घेतले की गणितातून सुटका झाली, हा समज मात्र घातक आहे. समुद्रातील मासळी कोणी एकेक करून मोजत नाही. नमुन्यावरून साठ्याचा अंदाज बांधावा लागतो आणि तो सर्वस्वी गणिताचा प्रांत आहे. शक्य असेल तेथे अकरावीस दोन्ही विषय ठेवावेत.

या गणिताचा पहिला धडा किनाऱ्यावरच मिळतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा आडाखा कोकणातील वृद्धांना तोंडपाठ असतो. तृतीयेस सव्वादोन वाजता भरती, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास ओहोटी. उधाणाचे दिवस नुकतेच सरत असल्याने त्या वेळी खडकही बरेच उघडे पडतात. वर्गास नेण्यास हीच वेळ सोयीची. छापील भरती-ओहोटी कोष्टकाशी ताळा मात्र अवश्य पाहावा, आणि पाणी चढू लागण्यापूर्वी मुलांना बाहेर काढावे.

तेथे करावयाचे काम साधे आहे. अर्धा मीटर बाजूची लाकडी चौकट भरतीरेषेपासून पाण्यापर्यंत ठराविक अंतरावर ठेवीत जावी व प्रत्येक वेळी आतील कालवे, शंख, खेकडे मोजून वहीत लिहावेत. उन्हात अधिक काळ तग धरणारे जीव वरच्या पट्ट्यात व कोरडे पडणे न सोसणारे खाली, ही रचना मुलांना आकड्यांतूनच दिसू लागते. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा. प्रवाळ, समुद्रघोडे आणि कासवाची अंडी यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. ती शाळेच्या संग्रहासाठीही उचलू नयेत.

मासळीची स्थानिक नावे गोळा करणे हाही अभ्यासच होय. बांगड्याच्या शास्त्रीय नावातील ‘कानागुर्ता’ हा शब्द मूळचा तेलुगू आहे! कोळणींकडून ऐकलेले नाव, शास्त्रीय नाव व सापडण्याचा महिना अशी तीन रकान्यांची वही शाळेत असावी. शास्त्रीय ग्रंथ बहुतांशी इंग्रजीत असल्याने त्या भाषेचे वाचनही येथूनच सुरू करता येते.

ग्रामपंचायतीने शाळेस दरवर्षी भरती-ओहोटीचे कोष्टक, एक तापमापक व ओहोटीच्या वेळी सोबतीस पोहणारा एक जाणता माणूस द्यावा. नववीच्या मुलांनी आपली वही वर्षअखेरीस आठवीच्या हाती सोपवावी. त्याच खडकावरची मोजणी चार-पाच वर्षे चालली, तरच कालवे वाढली की घटली हे सांगता येईल.