जुन्या ट्रकची हवागाळणी : तेलाची ठेवावी की कागदी बसवावी?



तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, हे आम्ही दर हंगामात सांगतो. भरलेली गाडी वाटेत बसली की उसाचे वजन घटते, साखर उताराही घटतो. गाडी बसण्याचे एक कारण मात्र आपण पाहतच नाही. ते म्हणजे इंजिनात जाणारी धूळ.

काही सभासदांच्या जुन्या ट्रकवर अजून तेलाची हवागाळणी, म्हणजे ऑइल बाथ एअर क्लीनर आहे. यात हवा मधल्या नळीतून खाली येते, वाटीतल्या तेलावर आपटते आणि उलटी वर वळते. जड धूळ तेलात बसते, बारीक धूळ वरच्या तेलकट जाळीला चिकटते. गाळणी साधी आहे, पण चोख ठेवली तर पुष्कळ वर्षे टिकते.

आता तळेघर भागाचे पाहा. भीमाशंकरच्या वाटेवरचे हे गाव, तिथला पाऊस सर्वांना ठाऊक आहे. पावसाळाभर उभ्या गाडीच्या वाटीत पाणी उतरते. पाणी जड, म्हणून ते तेलाच्या खाली बसते आणि तेल खुणेवर दिसते. आपण समजतो, तेल बरोबर आहे! प्रत्यक्षात ते कमी असते. पाणी जास्त झाले तर तेल खुणेच्या वर चढते, घाटात गाडी कलली की इंजिनात ओढले जाते. डिझेल इंजिन मग त्याच तेलावर पळत सुटते, डिझेल बंद केले तरी थांबत नाही.

म्हणून हंगामापूर्वी इंजिन बंद असताना वाटी काढून पूर्ण रिकामी करावी. जाळी डिझेलात धुवावी, पूर्ण निथळू द्यावी, वाटी पुसावी. मग नवे इंजिन ऑइल बरोबर खुणेपर्यंत भरावे. इंजिनातून काढलेले काळे ऑइल मुळीच घालू नये. हंगामात फडाच्या पांदीतून फिरणाऱ्या गाडीची वाटी रोज पाहावी.

गाळणी मग बदलावी केव्हा? वाटी गंजून भोके पडली किंवा जाळी कुजली तर कागदी गाळणी जरूर बसवावी. ती बारीक धूळ अधिक चांगली अडवते, इंजिन हळू चालतानाही. मात्र माप पाहूनच घ्यावी. चार स्ट्रोकचे ५ लिटरचे इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर त्याला दर मिनिटास सुमारे ६,००० लिटर हवा लागते. गाळणी याहून लहान असेल तर इंजिन गुदमरते, काळा धूर सोडते. जुन्याच वाटीत कागदी फिल्टर कोंबू नये, कारण कडेने धूळ जाते. पूर्ण नवा डबा ब्रॅकेटवर घट्ट बसवावा, तोंड उंच ठेवून त्यावर पावसाची टोपी घालावी. कागद भिजला की हवा अडते. तो आपटून झाडू नये व त्याला तेलही लावू नये.

गाळणी कोणतीही असो, खरी चोरवाट रबरी नळी आणि क्लिप हीच असते. इंजिन बंद करून गाळणीपुढची नळी सोडा, आत पांढरे फडके फिरवा. फडक्याला माती लागली तर धूळ रिंगा-लायनरपर्यंत पोहोचते आहे असे समजावे. चिरलेली नळी बदलण्याचा खर्च इंजिन उतरवण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

मोळी बांधायला माणसे लावण्याआधी ही फडक्याची परीक्षा सर्व वाहनधारक सभासदांनी घ्यावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी