पाहुणी कार्यप्रणाली आणि कळफलकाचा ताबा

उद्देश : आभासी संगणकावर काम करताना कळफलकाची आज्ञा कोणाकडे जाते, हे विद्यार्थ्यांस ओळखता यावे.

पूर्वज्ञान : लोहारा तालुक्यातील माकणी येथे तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे. जलाशय एकच, परंतु कालव्याचे दार उघडले असता पाणी शेताकडे वळते व सांडव्याचे उघडले असता ते नदीत उतरते. परिसरातील मुलांस हे ठाऊक असल्याने पाठाचा आरंभ येथूनच करावा.

विवेचन : शाळेत संगणक एकच असला, तरी त्याच्या पोटात दुसरा संगणक चालविता येतो. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स बसवून त्यात सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स ही प्रणाली मुलांच्या सरावासाठी ठेवता येते. मूळ प्रणालीस यजमान व आतील प्रणालीस पाहुणी म्हणतात. कळफलक मात्र दोघांत एकच. पाहुण्या प्रणालीची खिडकी कार्यरत झाली की कळफलकाचा ताबा तिच्याकडे जातो.

हा ताबा परत घेणाऱ्या कळीस यजमान-कळ म्हणतात. विंडोजवरील व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवीकडील कंट्रोल ही मुळात नेमलेली यजमान-कळ होय. ती एकदा दाबून सोडली की ताबा यजमानाकडे येतो. ती दाबून धरून एफ दाबल्यास पाहुणी प्रणाली पूर्ण पडद्यावर येते व तसेच पुन्हा केल्यास पूर्ववत होते. एच दाबल्यास पाहुण्या प्रणालीस रीतसर बंद होण्याचा संकेत जातो. टी दाबल्यास तिच्या तत्कालीन स्थितीची नोंद घेता येते.

कंट्रोल, आल्ट व डिलीट या तीन कळांची गोष्ट वेगळी आहे. सुरक्षिततेसाठी विंडोज ही आज्ञा स्वतःकडेच राखून ठेवते. ती पाहुण्यापर्यंत पोहोचत नाही. ती पोहोचवावयाची असल्यास यजमान-कळीसह डिलीट दाबावी. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये याच कार्यासाठी कंट्रोल, आल्ट व इन्सर्ट, तर हायपर-व्हीमध्ये कंट्रोल, आल्ट व एंड या कळा आहेत.

मराठी टंकलेखनाविषयीही एक गोष्ट सांगावी. पाहुण्या प्रणालीस केवळ कोणती कळ दाबली एवढेच कळते. म्हणून यजमानावर इन्स्क्रिप्ट मांडणी निवडलेली असली, तरी पाहुण्या प्रणालीत ती पुन्हा निवडावी लागते.

दक्षता : यजमान संगणकावर पुष्कळदा शाळेची हजेरी व निकालपत्रके असतात. सरावातील फाइल समजून यजमानावरील फाइल निवडली आणि शिफ्ट व डिलीट दाबून होकार दिला, तर ती रीसायकल बिनमध्येही उरत नाही. वर्षभराचे निकाल क्षणात जाऊ शकतात. यास्तव पुसण्याची वा बंद करण्याची आज्ञा देण्यापूर्वी खिडकीच्या तळाशी उजवीकडे पाहावे. तेथील बाणाच्या चिन्हावरून ताबा कोणाकडे आहे, ते समजते. पूर्ण पडद्यावर ही पट्टी दिसत नाही. म्हणून नवशिक्या विद्यार्थ्यांस प्रथम लहान खिडकीतच काम द्यावे. निकालपत्रकांची दुसरी प्रत निराळ्या साधनावर अवश्य ठेवावी.

सराव : दोन्ही प्रणालींत एकेक कोरे टिपण उघडावे. मुलाने प्रथम पाहुण्या टिपणात व नंतर यजमान-कळ दाबून यजमानाच्या टिपणात आपले नाव लिहावे. प्रत्येक वेळी कळ दाबण्यापूर्वी “आता ताबा कोणाकडे?” हा प्रश्न विचारावा. न चुकता उत्तर येऊ लागले, म्हणजे पाठ साधला असे समजावे.