आधी वेळ, मग बैठक

टिळकवाडी, बेळगाव
माघ शुद्ध पंचमी

चि. बाळास,


तुझं पत्र, बागेचा नकाशा आणि मागवायच्या सामानाची यादी, तिन्ही पोचली. कॅसलरॉकसारख्या ठिकाणी दोन एकरांचं आवार आणि त्यात धड उभं असलेलं कौलारू घर मिळणं हे भाग्यच. त्यात तू पाहुण्यांसाठी चार खोल्या काढतो आहेस, हेही मला मनापासून आवडलं. पण यादी एवढ्यात दुकानदाराकडे पाठवू नकोस. वेताचे दोन सोफासेट, लोखंडी झोपाळा, आठ जणांचं टेबल, मोठ्या छत्र्या आणि बागेचे चार भाग पाडायला बांबूच्या जाळ्या, एवढं सगळं आणलंस तरी पैसे जातील आणि बाग होती तशीच उघडीबोडकी दिसेल. जाळ्या तर दोन पावसाळेही काढायच्या नाहीत. मोठ्या बागेचे भाग आडोशानं पडत नाहीत रे. माणसं कुठं बसतात, कुणीकडे तोंड करून बसतात आणि कुठल्या वेळी बसतात, त्यावरून ते पडतात. यातली वेळ सगळ्यांत महत्त्वाची, आणि तुझ्या नकाशात ती कुठंच दिसत नाही.

आपल्या खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावचा पार डोळ्यांसमोर आण. झाडाभोवती बांधलेला एकच गोल कट्टा. थंडीच्या दिवसांत सकाळी म्हातारी माणसं पूर्वेच्या कडेला ऊन खात बसतात, कारण कोवळं ऊन फांद्यांखालून तिथवर येतं. दुपारी कुणीतरी बुंध्याशी, डोक्याखाली टॉवेलाची गुंडाळी घेऊन आडवा होतो. दिवस कलला की लोक परत पूर्वेला येतात, पण आता ऊन पाठीशी ठेवून, रस्त्याकडे बघत. उत्तरेच्या बाजूला गारवा असतो, तिथं पत्त्यांचा डाव पडतो. कुणी भिंत घातली नाही, पाटी लावली नाही, तरी पारावर तीन-चार वेगळ्या बैठकी आहेत आणि सगळ्या गावाला त्या ठाऊक आहेत.

हीच गोष्ट एका मोठ्या वास्तुकारानं आयुष्यभर केली. श्रीलंकेत बेंटोटाजवळ जेफ्री बावा यांनी 1948 साली तळ्याकाठचा एक जुना रबराचा मळा घेतला. त्याआधी ते वकिली करत होते. त्या मळ्याची बाग करता करता ते वास्तुकलेकडे वळले, आणि 2003 मध्ये वारले तोवर त्या बागेचं, म्हणजे लुनुगंगाचं, काम त्यांनी सोडलं नाही. त्या बागेत दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरांसाठी बसायच्या वेगवेगळ्या जागा आहेत. चहा एकीकडे, जेवण दुसरीकडे. ठिकठिकाणी घंटा टांगलेल्या, प्रत्येकीचा नाद निराळा. मालक कुठं बसले आहेत हे नादावरून ओळखून नोकर तिकडे ट्रे घेऊन जात. बावांची हवा आपल्यासारखीच होती, दमट आणि धो धो पावसाची, म्हणून इंग्रजी बागांच्या चित्रांपेक्षा मला त्यांचं उदाहरण जवळचं वाटतं. तुला घंटा टांगायला सांगत नाही. प्रत्येक बैठकीला तिचा प्रहर असावा, एवढं घे.

आता काय करायचं ते सांगतो. प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या घे. त्यांना नाक मुरडू नकोस. त्या हलक्या असतात, एकात एक बसतात आणि आत्ता तुला तेवढंच हवं आहे. सकाळी सातला, अकराला, दुपारी तीनला आणि दिवेलागणीला त्या उचलून बागेत फिर आणि जिथं बसावंसं वाटेल तिथं ठेवून अर्धा तास बस. ऊन डोळ्यांवर येतं का, वारा कुठून येतो, स्वयंपाकघरातली भांडी ऐकू येतात का, बघ. जागा पटली की तिथं फक्की टाकून गोल आखायचा आणि कागदावर वेळ लिहायची. माघातलं ऊन आणि वैशाखातलं ऊन यांत फार फरक असतो, म्हणून हे एकदा आता कर आणि परत एप्रिलमध्ये कर. दोन्ही वेळा जी जागा टिकेल तिथंच पक्कं बांधकाम करायचं.

नकाशात जेवणाचं टेबल तू खालच्या फणसाखाली दाखवलं आहेस. ते तिथं नको. एक तर स्वयंपाकघरापासून ते लांब आहे. चाळीस पावलांपलीकडे आमटी नेणारा माणूस आठ दिवसांत कंटाळतो आणि टेबल ओसाड पडतं. दुसरं म्हणजे एप्रिल-मेमध्ये, तुझ्याकडे पाहुण्यांची गर्दी असेल नेमकी तेव्हा, फणस पिकून पडतात, माश्या घोंगावतात आणि त्या वासावर रात्री रानातली जनावरं येतात. टेबल परसदारी आण, मागच्या दारापासून दहा-पंधरा पावलांवर. सहा फूट बाय तीन फुटांच्या टेबलाभोवती चारी बाजूंनी तीन-तीन फूट मोकळे सोडलेस तरच खुर्ची मागं सरकते आणि वाढणारा पाठीमागून जातो. म्हणजे बारा फूट बाय नऊ फूट फरसबंदी तिथं हवीच. आठ जण एकदम जेवायला येतील असा आग्रह धरू नकोस. सहांचं टेबल ठेव आणि बाजूला एक लांब कट्टा बांध, गर्दी झाली की तो कामाला येईल.

फणसाची जागा वाया जात नाही. तिथं दुपारची गार सावली आहे आणि पाठीला बुंधा आहे. पाठीशी काहीतरी भक्कम असल्याशिवाय माणूस बागेत निवांत बसत नाही. मोकळ्या मैदानाच्या मधोमध ठेवलेली खुर्ची कायम रिकामी राहते. तिथं दोनच आरामखुर्च्या ठेव, फळांचे महिने सोडून, वाचत पडणाऱ्यासाठी.

गप्पांची बैठक घराच्या पूर्वेच्या अंगणात होईल. समोरासमोरच्या बैठकींत सात-आठ फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नकोस, नाहीतर आवाज चढवावा लागतो आणि गप्पांचं भाषण होतं. या बाबतीत गोव्यातल्या जुन्या घरांचा बलकांव बघण्यासारखा असतो. दारापुढच्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दगडी बाकं, मध्ये जेमतेम जाण्यापुरती वाट. बसणारा घरातही असतो आणि रस्त्यावरच्या माणसाशी बोलतही असतो. तुझ्या पडवीच्या पायऱ्यांशी अशी जोडी सहज बसेल. आणि पडवीवर हात आखडू नकोस. जून ते सप्टेंबर तीच तुझी बाग असणार आहे. सागाचा झोपाळा घ्यायचा तर तिथं टांग, कडीपाटाच्या तुळईला. उघड्यावर लोखंडी झोपाळा ठेवलास तर एका पावसाळ्यात गंजेल.

पावसाचं तुला नव्यानं सांगायला नको, पण यादी करताना तो विसरलास असं दिसतं. बेळगावच्या कित्येक पट पाऊस तिथं पडतो. तेव्हा सामानाचे दोनच प्रकार मान: जे जागचं हलणार नाही आणि जे मृगाच्या आत एका माणसाला उचलून आत नेता येईल. मधलं काही घेऊ नकोस. न हलणारं म्हणजे चिऱ्याचे कट्टे. चिरा तिकडचाच, त्याचा तांबूस रंग मातीशी मिळून जातो. कट्टा सोळा-सतरा इंच उंच आणि तेवढाच रुंद असू दे. बसायची वरची बाजू मात्र घासलेल्या काळ्या दगडाची कर, कारण चिऱ्याला भोकं असतात, पाणी मुरतं आणि शेवाळ धरतं. पायाखाली याच्या उलट: गुळगुळीत फरशी पावसात जीवघेणी होते, म्हणून खडबडीत दगड किंवा बारीक खडी घाल आणि दर पाच फुटांना एक इंच उतार दे. कट्टा खालून पोकळ ठेवायचा तर आरपार ठेव, झाडता येईल असा. बंद कपारीत पालापाचोळा साठतो आणि साप राहतो.

उचलायचं सामान लाकडाचं हवं असेल तर जुन्या घरांच्या मोडीतला साग शोध. खानापूर, नंदगड भागात घरं पाडली की तुळया आणि दारं विकायला निघतात. ते लाकूड मुरलेलं असतं, वाकत नाही. स्क्रू पितळी वापर. पाय मातीत टेकू देऊ नकोस, प्रत्येक पायाखाली दगडाची चकती हवी, नाहीतर आधी ओल आणि मागोमाग वाळवी. वेत पडवीतच शोभतो, बाहेर तो पहिल्याच श्रावणात बुरशीनं काळा पडेल.

जाळ्यांऐवजी झुडपं लाव. माणूस कट्ट्यावर बसला की त्याचे डोळे जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर येतात, उभा राहिला की पाच फुटांच्या पुढं. म्हणून दोन बैठकींमधलं कुंपण चार-सव्वाचार फुटांवर छाट. बसलेल्याला आडोसा मिळतो आणि उभं राहिलं की सगळी बाग एका नजरेत येते. तगर चालेल, जास्वंद चालेल. गुरं येत असतील तिथं अडुळसा, त्याला ती तोंड लावत नाहीत. दारातून सगळ्या बैठकी एकदम दिसू देऊ नकोस. पुण्याला गेलास की सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात तासभर फिर. जपानच्या ओकायामा शहरातल्या तीनशे वर्षांच्या कोराकुएन बागेवरून ते केलं आहे. जागा दहाच एकर, पण पायवाटा अशा वळवल्या आहेत की प्रत्येक वळणावर निराळं दृश्य समोर येतं. तुझी वाट दोन माणसं बरोबरीनं चालतील अशी, चार फुटांची, ठेव.

राहिली रेल्वेकडची बाजू. तिथं तू काहीच दाखवलेलं नाहीस, आणि मला तीच जागा सर्वांत मोलाची वाटते. तुझं गाव रेल्वेनं वसवलं. मुरगाव बंदरातून निघालेली लाइन घाट चढून 1888 साली तिथं पोचली, आणि गोव्यात पोर्तुगीज होते तोवर ते सरहद्दीचं स्टेशन होतं. गाडी थांबायची, उतारूंच्या सामानाची झडती व्हायची. आजही घाटात सदतिसाला एक असा चढ असल्यानं मालगाड्यांना जादा इंजिनं जोडतात. तो धडधडाट जेवताना नको वाटेल. पण तोच ऐकायला लांबून माणसं तुझ्याकडे येणार आहेत. त्या टोकाला दोघांपुरतं एकच बाक ठेव, रुळांच्या दिशेनं तोंड केलेलं, मागं तगरीची रांग. टेबल नको, दिवा नको. पोरं असतील त्या पाहुण्यांना आधी तिथंच घेऊन जा.

दिव्यांबद्दल थोडक्यात: भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे, तेव्हा उंच खांबावरचा झगझगीत दिवा नको. वाटेवर गुडघ्याएवढे, खाली उजेड टाकणारे पिवळे दिवे पुरेत. रात्री बाहेर खरकटं राहू देऊ नकोस, आणि शेकोटी अंगणातच, वाळलेल्या गवताच्या बाजूला मुळीच नाही.

चार बैठकी झाल्या की थांब. उरलेली दीड एकर जागा मोकळीच राहू दे. पाहुणे म्हणतील इथंही काहीतरी ठेवा, तेव्हा त्यांना एक प्लॅस्टिकची खुर्ची दे, हवी तिथं नेऊन बसू देत. कोण कुठं नेतो त्यावर मात्र लक्ष ठेव. पाच-सहा जणांनी आपण होऊन एकच जागा निवडली तर पुढच्या वर्षी तिथं पाचवा कट्टा बांधू.

शिमग्याच्या आधी वेळांचा कागद पाठव, म्हणजे चिऱ्यांचा हिशेब मी इथूनच करून देतो. एप्रिलच्या फेरीत एखादी जागा बदलली तर तेवढा बदल मागाहून करू, पण चिरा आताच सांगून ठेवायला हवा. मे महिन्यात ज्याला त्याला पावसाआधी बांधकाम उरकायचं असतं, खाणवाला हाताला लागत नाही. गवंडीही तोवर ठरवून टाक. आक्काला माझा नमस्कार सांग, आणि तिला सकाळी कुठं बसायला आवडतं ते विचारून त्याच कागदावर लिही.

तुझा
मामा