शिक्षकांसमोर उभी राहशील तेव्हा

अगं, इतिहासाच्या प्रशिक्षणाला तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून तुझं नाव लागलं, छानच झालं. पण ती पीपीटी आधी बाजूला ठेव बघू. भौतिक, लिखित, मौखिक साधनं ही वर्गवारी शिक्षकांना तोंडपाठ आहे; दरवर्षी तेच फळ्यावर लिहितात. त्यांना धास्ती आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. अस्सल कागद वर्गात नेला आणि पोरांनी भलताच प्रश्न विचारला, तर? ही धास्ती भाषणाने जात नाही. कागद त्यांच्याच हातात द्यावा लागतो.

सुरुवात शाळेच्या जनरल रजिस्टरपासून कर. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं एक पान घे. झेरॉक्स काढताना नावं आणि जात झाकून टाक हं. ती घरं अजून गावात नांदताहेत, कुणाची जात चारचौघांत वाचायची नसते. जन्मतारखेचा रकाना तेवढा उघडा ठेव. १ जून, पुन्हा १ जून, खाली परत १ जून! सगळे हसतील, कारण कित्येकांच्या वडिलांची शाळेतली तारीख हीच. मग विचार, तारीख खोटी असेल तर हा कागद टाकून द्यायचा का? आणि गप्प बस. उत्तर द्यायची घाई करू नकोस. कुणीतरी म्हणेलच, घरी जन्माची नोंद नव्हती, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजींनी वय जुळवलं. म्हणजे मुलाच्या जन्माबद्दल तो रकाना फारसा विश्वासाचा नाही, पण गुरुजींबद्दल आणि त्या काळच्या घरांबद्दल बरंच बोलतो. हे एकदा त्यांचं त्यांना सापडलं की निम्मं काम झालं.

दुपारी गोडसे भटजी काढ. वरसईचे विष्णुभट १८५७च्या धामधुमीत उत्तरेत होते, झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. पण ‘माझा प्रवास’ लिहिलं ते पंचवीसेक वर्षांनी. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली ते छापलं, तेही फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती आली १९६६ साली. दोन्हींतला एकच प्रसंग शेजारी शेजारी ठेव. यात डोळ्यांदेखतचं किती, ऐकीव किती? १९०७ साली राज्य कोणाचं होतं, आणि संपादकाने कुठे हात फिरवला असेल? गटागटांत वाद होऊ दे. मोडीच्या फंदात मात्र पहिल्या दिवशी पडू नकोस, अक्षरं लावण्यातच संध्याकाळ होईल.

“छान आहे मॅडम, पण पोर्शन कधी संपवायचा?” हे कुणीतरी म्हणणारच. त्यावर उपदेश करू नकोस, त्यांचं खरंच आहे. पस्तीस मिनिटांची तासिका, समोर साठ पोरं. म्हणून हिशेब सोपा ठेव: दहा ओळी, एक प्रश्न, वर्षातून चारदा. आणि धड्याच्या जोडीला नको, धड्याच्या जागी. समाजसुधारणेचा धडा आला की मुक्ता साळवेंचा निबंध घ्यायचा. फुल्यांच्या शाळेतल्या या सुमारे चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिलेलं १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आलं. नववीतल्या पोरींना ती आपल्या वयाची वाटते. भाषा सोपी करून देऊ नकोस, अडणाऱ्या चार शब्दांचे अर्थ खाली दे, बस.

सह्या करून पांगण्याआधी प्रत्येकाकडून लिहून घे: कोणता धडा, कोणत्या दहा ओळी, कोणता प्रश्न. आणि तुला कुणी अडवणारं विचारलंच, तर सारवासारव करू नकोस. “मला माहीत नाही, कुठे शोधायचं ते बघू या,” असं सगळ्यांसमोर म्हण. मार्गदर्शक असून तू तसं म्हणू शकतेस हे त्यांनी पाहिलं, तरच सोमवारी वर्गात त्यांच्या तोंडून ते निघेल.