खर्जाचा स्वर आणि पायाखालची पेटी
(द्वितीय वर्ष, कला)

तंबोऱ्याच्या चार तारांपैकी शेवटच्या तारेला आपण खर्ज म्हणतो. गाणे ऐकताना त्या तारेकडे कोणी मुद्दाम लक्ष देत नाही. परंतु ती थांबली की गाणे अधांतरी झाल्यासारखे वाटते. आजच्या वाद्यवृंदात हेच काम बेस गिटार करते. लिओ फेंडर यांनी १९५१ साली अमेरिकेत प्रिसिजन बेस हे वाद्य बाजारात आणले. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतातून ते आपल्या कानांवर आले आणि आता नांदगाव-मनमाडकडच्या लहान वाद्यवृंदांतूनही दिसू लागले आहे.

अशाच एका वाद्यवृंदात मी बेस वाजवतो. १४ एप्रिलचे भीमगीतांचे कार्यक्रम, गणेशोत्सव आणि लगीनसराईतील हळदी ही आमची मुख्य कामे. या क्षेत्रात बेस वाजवणाऱ्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : “तुझे वाद्य तर ऐकूच येत नाही, मग एका माणसाची बिदागी वेगळी कशाला द्यायची? कीबोर्डवाला डाव्या हाताने तेवढे वाजवील.” प्रश्न कडू असला तरी अन्याय्य नाही. जे ऐकू येत नाही त्याचे पैसे कोण देईल? या प्रश्नाला उत्तर म्हणून अनेक मुले साठवलेल्या पैशांतून मल्टी-इफेक्ट पेडल घेतात. घेताना बहुधा एकच गोष्ट पाहतात, ती म्हणजे त्यात इफेक्ट किती आहेत. ही कसोटी चुकीची आहे, असे माझे मत आहे. कमी पैशांत योग्य पेडल कसे निवडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. खर्ज हरवतो कोठे?

बेस गिटारच्या चार मोकळ्या तारांची कंपने जाडीकडून बारकीकडे सेकंदाला सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ अशी आहेत. एवढी संथ कंपने हवेत उमटवायला मोठा पडदा असलेला स्पीकर लागतो. मंडपाच्या खांबाला बांधलेला कर्णा हे काम करू शकत नाही. तो माणसाचे बोलणे दूरवर पोहोचवण्यासाठी बनवलेला असतो आणि खालचे स्वर तो जवळजवळ गाळूनच टाकतो. अशा ठिकाणी मिक्सरवरचे बेसचे बटण कितीही फिरवले, तरी स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. खर्ज काही ऐकू येत नाही.

येथे कानाचा एक गुण आपल्या मदतीला येतो. कोणतीही तार केवळ आपल्या मूळ कंपनाने वाजत नाही. तिच्यात दुप्पट, तिप्पट, चौपट अशी वरची कंपनेही असतात. ४१ कंपनांच्या तारेत ८२, १२३, १६४, २०५ अशी साखळी असते. मूळचा ४१ चा स्वर गळाला आणि वरचे स्वर तेवढे शिल्लक राहिले, तरी त्यांच्यातील सारख्या अंतरावरून आपला मेंदू मूळ स्वर ओळखतो आणि तो ऐकू आल्याचा भास निर्माण करतो. लहान रेडिओवर ढोबळ स्वर ‘कळतात’, ते याच कारणाने.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. लहान स्पीकरवर बेस ऐकू यावयाचा असेल, तर खालचा आवाज वाढवत बसू नये. वरची कंपने थोडी ठळक करावीत. पेडलचे खरे काम हे आहे.

२. उपयोगाचे चार इफेक्ट

मल्टी-इफेक्ट पेडल म्हणजे पायाने चालवायचा एक छोटा संगणकच होय. गिटारचा विद्युत्-संदेश तो आकड्यांत बदलतो, आकड्यांवर प्रक्रिया करतो आणि पुन्हा संदेशात रूपांतर करून बाहेर सोडतो. त्यात साठ-सत्तर इफेक्ट असतात. किराणा दुकानात शंभर डबे असले, तरी रोजच्या आमटीला चार-पाचच लागतात, तसेच हे आहे.

पहिला कॉम्प्रेसर. बेस वाजवताना एक ठोका जोरात, एक हलका पडतो. जोराचा ठोका स्पीकर फाडतो आणि हलका ढोलकीखाली दबतो. कॉम्प्रेसर ठरावीक पातळीच्या वरचा आवाज दाबतो. प्रमाण चारास एक ठेवले, तर पातळीच्या ८ डेसिबल वर गेलेला ठोका फक्त २ डेसिबल वर राहतो. मग एकूण आवाज थोडा वाढवून घेता येतो. श्रोत्याला बेस सतत आणि सारखा ऐकू येतो. चारांपैकी एकच ठेवायचा झाला, तर मी हाच ठेवीन.

दुसरा ओव्हरड्राइव्ह. हा आवाजाला किंचित खरखरीतपणा देतो, म्हणजेच वरची कंपने निर्माण करतो. वरचा नियम अमलात येतो तो येथे. परंतु एक अट आहे. लीड गिटारसाठी केलेला ओव्हरड्राइव्ह बेसला लावला, तर बहुधा खालचा स्वरच पातळ होतो. म्हणून मूळ स्वच्छ आवाज आणि खरखरीत आवाज यांचे मिश्रण कमीजास्त करण्याची सोय त्यात असली पाहिजे. बेससाठी खास बनवलेले पेडल घ्यावे, ते मुख्यतः याच कारणासाठी.

तिसरा इक्वलायझर. २०० ते ३०० कंपनांच्या पट्ट्यात आवाजाचा चिखल साचतो. तो भाग थोडा उतरवावा आणि ७०० ते १००० च्या आसपास अगदी किंचित चढवावे. हे करताना गायकाचे भान ठेवावे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे आपल्याच जिल्ह्यातील, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. त्यांच्या परंपरेतील गाण्यात शब्द हा प्राण आहे. ज्या बेसमुळे शब्द झाकला जातो, तो कितीही गोड असला तरी त्या कार्यक्रमात चुकीचाच ठरतो.

चौथा ट्यूनर. याला इफेक्ट म्हणावे की नाही, हा वादाचा विषय होईल. परंतु थंडीच्या रात्री उघड्या मैदानात तारा उतरतात-चढतात. अशा वेळी आवाज बंद ठेवून पायाशीच सूर लावता येणे, हे पंचवीस इफेक्टांपेक्षा मोलाचे आहे.

उरलेले काय? कोरस एखाद्या संथ गाण्यात शोभतो. रिव्हर्ब बेसला बहुतेक वेळा मारकच ठरतो. ऑक्टेव्ह हा इफेक्ट कंपने निम्मी करतो. सर्वांत जाड तारेवर तो लावला, तर २० च्या आसपासचा स्वर निघेल. तो आपले स्पीकर वाजवू शकत नाहीत आणि तेथे माणसाच्या कानाचीही मर्यादा येते. बारीक तारांवर मात्र तो चांगला वाजतो.

३. घेण्यापूर्वी काय तपासावे?

अ) वीज : असे पेडल बहुधा ९ व्होल्टवर चालते. अॅडाप्टरचा धन-ऋण क्रम आणि व्होल्ट पेडलवर लिहिल्याप्रमाणेच असले पाहिजेत, आणि मिलिअँपिअर लिहिल्यापेक्षा कमी नसावेत. कार्यक्रमात जनरेटर मध्येच बदलला जातो, म्हणून साध्या पेन्सिल सेलवरही चालणारे पेडल आपल्या भागात अधिक उपयोगाचे.

आ) हम : आपल्याकडील विजेची कंपने सेकंदाला ५० आहेत. तिचा ‘हम’ ५० आणि १०० वर घुमतो. बेसच्या तारा ५५ आणि ९८ वर आहेत. म्हणजे हा शत्रू आपल्या घरातच राहतो. इक्वलायझरने त्याला कापू गेलो, तर आपलाच स्वर कापला जाईल. नॉइज गेट फक्त आपण थांबलो असताना त्याला गप्प करतो. म्हणून मूळ उपाय चांगली केबल हाच. मिक्सर लांब असेल, तर मध्ये डीआय बॉक्स लावावा. तो संदेश दोन विरुद्ध तारांतून पाठवतो आणि वाटेत शिरलेला हम दुसऱ्या टोकाला वजा होऊन जातो. स्वस्त पेडलांत ही सोय बहुधा नसते, हे खरेदीच्या हिशेबात आधीच धरावे.

इ) विलंब : आकड्यांच्या प्रक्रियेला काही मिलिसेकंद लागतात. पुष्कळांना याची उगाच धास्ती वाटते. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तेव्हा ३ मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे स्पीकरपासून एक मीटर दूर उभे राहणे. त्याने ताल चुकत नाही.

ई) बटणे : अंधारात, चप्पल घातलेल्या पायाने बटण दाबून पाहावे. एका आवाजातून दुसऱ्यात जाताना स्वर तुटतो का, तेही पाहावे. घरी प्रत्येक साठवलेल्या आवाजाची पातळी सारखी करून ठेवावी. नाहीतर ऐन कडव्यात बेस एकदम उसळेल किंवा बुडेल.

उ) हेडफोन : संध्याकाळी घरच्या माणसांना न उठवता सराव करता आला, तर पेडलचा निम्मा खर्च वसूल झाला असे समजावे. बहुतेक पेडलांत तालाची साथ आणि वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारा लूपरही असतो.

दुकानात जाताना आपले स्वतःचे वाद्य न्यावे. नांदगावहून नाशिक रेल्वेने शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. परंतु कुरियरने आलेली वस्तू परत पाठवण्यापेक्षा तो एक दिवस स्वस्त पडतो. प्रथम सर्व इफेक्ट बंद ठेवून वाजवावे. साधा आवाजच पातळ होत असेल, तर पुढचे काही पाहू नये.

४. दोन उदाहरणे

जपानमधील झूम कंपनीचे बी-१ फोर हे या वर्गातील सर्वपरिचित पेडल. त्यात एका वेळी पाच इफेक्ट लावता येतात, ट्यूनर, लूपर व तालाची साथ आहे आणि ते चार पेन्सिल सेलवर चालते. त्याच्याच बी-१ एक्स फोर या भावंडाला पायाने कमीजास्त करण्याचा पट्टाही आहे. दुसरे उदाहरण बॉस कंपनीचे जीटी-१ बी. त्यातही तसा पट्टा आहे, तेही सेलवर चालते आणि त्याची बांधणी अधिक भक्कम आहे. किंमत मात्र झूमच्या लहान पेडलापेक्षा बरीच जास्त. वर सांगितलेले चारही इफेक्ट दोन्हीकडे आहेत. म्हणून पहिले पेडल घेणाऱ्या विद्यार्थ्याने स्वस्त पेडल घ्यावे आणि उरलेल्या पैशांत चांगली केबल, नव्या तारा आणि डीआय बॉक्स घ्यावा, असे मी सुचवीन. जुन्या, मेलेल्या तारांत वरची कंपने उरलेलीच नसतात, आणि जे तारेत नाही ते ठळक करणे महागड्या पेडलालाही कठीण जाते.

५. यंत्र आणि वाजवणारा

यंत्राची योग्यता कोण ठरवतो, हे सांगणारी एक हकिकत आपल्याच राज्यातील आहे. रोलँड कंपनीने १९८१ च्या सुमारास टीबी-३०३ नावाची एक छोटी पेटी काढली. एकट्याने सराव करणाऱ्याला बेसची साथ मिळावी, हा तिचा उद्देश होता. बेस गिटारसारखा आवाज तिला काही साधला नाही, विक्री फारशी झाली नाही आणि १९८४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पण मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी तीच पेटी घेऊन १९८२ साली दहा रागांची एक तबकडी केली. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २०१० मध्ये ती नेदरलँड्समधून पुन्हा निघाली, तेव्हा जगभरच्या जाणकारांनी कान टवकारले. परदेशात ज्या पद्धतीच्या नृत्यसंगीताचा पुढे बोलबाला झाला, त्याच्याशी जुळणारे काहीतरी मुंबईत आधीच वाजून गेले होते. २०१५ मध्ये सिंग यांचे निधन झाले. ज्या पेटीला बाजाराने नापास केले, तिला त्यांनी राग शिकवले. पेटी तीच होती. फरक कानांचा होता.

६. समारोप

सारांश, कमी किमतीचे पेडल निवडताना इफेक्टांची संख्या मोजू नये. समतोल ठेवणारा कॉम्प्रेसर, स्वच्छ आवाज राखणारा ओव्हरड्राइव्ह, नेमका इक्वलायझर आणि विश्वासू ट्यूनर एवढे ज्यात आहे, ते पेडल आपल्याला पुरे. कीबोर्डवाल्याचा डावा हात बेसचे स्वर वाजवू शकतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु ढोलकीच्या थापेबरोबर तार दाबून धरणे, योग्य क्षणी सोडणे आणि गायकाने श्वास घेतला की मोकळी जागा ठेवणे हे वेगळ्या माणसाचे काम आहे. ते काम मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले, तर बिदागीचा प्रश्न कोणी विचारणार नाही. पेडलने तेवढे पोहोचवावे. वाजवायचे आपणच आहे.